माशाचा रंग कोणता?

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, पोपटाचा रंग कोणता असे कोणी विचारले, तर तुम्ही क्षणभरही न थांबता उत्तर द्याल. कावळ्याच्या बाबतीतही तसेच. प्राण्याचा रंग ही त्याची कायमची ओळख आहे, असे आपण गृहीत धरतो. चित्रमय पुस्तकांतही एका प्राण्याचे एकच चित्र दिलेले असते आणि त्याखाली नाव छापलेले असते. परंतु निसर्गात असेही काही प्राणी आहेत, की ज्यांच्या बाबतीत 'रंग कोणता?' या प्रश्नाला 'केव्हा?' असा प्रतिप्रश्न करावा लागतो. प्रस्तुत पाठात अशाच एका माशाचा परिचय करून दिला आहे. तो खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात पाळला जाणारा ट्रिगर मासा होय.

तुमच्यापैकी अनेकजण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, इंदूर, हैदराबाद किंवा वाराणसीसारख्या शहरांत राहत असतील. असे असले तरी एखाद्या दुकानात, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात किंवा प्रदर्शनात काचेच्या टाकीत पोहणारे समुद्री मासे तुम्ही पाहिले असतील. हा पाठ वाचल्यानंतर अशा माशाच्या रंगातील बदलाची कारणे तुम्ही सांगू शकाल, तसेच निरीक्षण आणि अनुमान यांतील फरक ओळखू शकाल.

मूळ पाठ

समजा, एखाद्या गृहस्थाने मत्स्यविक्रेत्याच्या दुकानात एक मासा पाहिला. गडद निळा, अंगावर जांभळट झाक, शेपटीची दोन टोके लांब आणि चंद्रकोरीसारखी वळलेली. दर विचारला, सौदा ठरला आणि मासा घरी आला. घरच्या टाकीत सोडताच तो खडकाच्या फटीत शिरला. बाहेर उरली ती केवळ शेपटी. दुसऱ्या दिवशी तो बाहेर आला तेव्हा फिकट राखाडी दिसत होता. चौथ्या दिवशी हिरवट. गृहस्थ घाबरले. मासा आजारी आहे असे समजून त्यांनी पाण्यात मोरचुदाचे औषध घातले. मासा आजारी नव्हताच. परंतु तांब्याची मात्रा थोडी जास्त झाली, तरी ती माशाला बाधते आणि टाकीतील कोळंबीसारख्या जिवांना तर मारकच ठरते. रंगाचा अर्थ चुकीचा लावल्यामुळे एक निरोगी मासा संकटात सापडला. मत्स्यपालनाच्या छंदात असे प्रसंग वारंवार घडतात.

या माशाचे शास्त्रीय नाव ओडोनस नायजर. लॅटिन भाषेत 'नायजर' म्हणजे काळा. रुपेल या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने 1836 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा हे विशेषण त्याला मिळाले. तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरापर्यंत प्रवाळ खडकांच्या उतारांवर या माशांचे थवेच्या थवे आढळतात. आपल्या लक्षद्वीपच्या समुद्रातही तो आहे. त्याचे दात लाल असतात. जिवंतपणी त्याला निळा म्हणावे, की हिरवा, की जांभळा, याविषयी पाहणाऱ्यांचे एकमत होत नाही. काळा मात्र त्याला क्वचितच कोणी म्हणेल. मग हे नाव कसे पडले असावे? गेल्या काही दशकांत केरळ आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यांत हा मासा मोठ्या संख्येने येऊ लागला आहे आणि त्यातील बराचसा माशांची भुकटी करणाऱ्या कारखान्यांकडे जातो. बंदरावरच्या त्या ढिगाऱ्यात निळाई शोधूनही सापडत नाही. मेलेला मासा काळपट दिसतो. ज्याने असा निष्प्राण नमुना समोर ठेवून वर्णन लिहिले असेल, त्याला 'काळा' हा शब्द सुचणे स्वाभाविकच आहे. एकाच माशाची किंमत दुकानातील टाकीत आणि बंदरावरील ढिगाऱ्यात किती वेगळी असते, हेही जाता जाता लक्षात घेण्यासारखे आहे.

'ट्रिगर' म्हणजे बंदुकीचा घोडा. या कुळातील माशांच्या पाठीवर एक जाड काटा असतो. तो उभा राहिला की त्याच्यामागचा लहान काटा त्याला पाचर मारल्याप्रमाणे घट्ट अडकवून ठेवतो. मग कितीही जोर लावला तरी मोठा काटा खाली बसत नाही. मागचा लहान काटा दाबला, की तो सहज मिटतो. रात्री किंवा संकटकाळी हा मासा खडकाच्या फटीत शिरतो आणि काटा उभारून स्वतःला तेथे जखडून घेतो. जगात या कुळाच्या सुमारे चाळीस जाती आहेत. रंगाच्या बाबतीत त्यांपैकी बहुतेक जाती भडक, आणि स्वभावाने काहीशा भांडखोर. छंदिष्ट माणसे त्यांना 'ओळखीचे मासे' म्हणतात, कारण अन्न देणाऱ्याला ते काचेआडून ओळखू लागतात.

पाठगत प्रश्न
1. गृहस्थांनी पाण्यात औषध घातले, ते निरीक्षणावरून की अनुमानावरून? तुमच्या उत्तराचे कारण द्या.
2. 'नायजर' हे विशेषण जिवंत माशाला का शोभत नाही?

रंग कोठून येतो?

माशाचा रंग त्याच्या कातडीतील सूक्ष्म पेशींमध्ये असतो. त्यांना रंगपेशी म्हणतात. काही पेशींत काळे-तपकिरी रंगद्रव्य असते, काहींत पिवळे, काहींत तांबडे. आणखी एका प्रकारच्या पेशींत रंगद्रव्य मुळीच नसते; त्यांत ग्वानिन या पदार्थाच्या अतिशय पातळ, चकचकीत चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. या चकत्यांवरून प्रकाश परावर्तित होतो आणि चकत्यांमधील अंतरानुसार त्यातील विशिष्ट रंग आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. बहुतेक माशांची निळाई ही अशी प्रकाशाची किमया असते. हळदीचा पिवळेपणा हळदीत असतो, तसा निळेपणा या माशाच्या कातडीत 'भरलेला' नसतो.

पैठणीच्या 'धूपछाव' रंगाचे उदाहरण येथे आठवते. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतल्यामुळे त्या वस्त्राचा रंग पाहणाऱ्याच्या कोनाप्रमाणे बदलतो. पैठणीत दोन रंगांचे सूत असते आणि माशाच्या परावर्तक पेशीत रंगच नसतो, हा फरक विसरता कामा नये. तरीही 'हिचा खरा रंग कोणता?' हा प्रश्न दोन्ही ठिकाणी तितकाच अवघड आहे. मराठीत मोरपंखी, चिंतामणी, अंजिरी, पारवा, आमसुली असे रंगवाचक शब्द विपुल आहेत. वस्त्रांच्या निमित्ताने घडलेली ही शब्दसंपत्ती माशाचे वर्णन करतानाही उपयोगी पडते. केवळ 'निळा' असे लिहिण्यापेक्षा 'सकाळी मोरपंखी, दिवा मालवताना पारवा' असे लिहिणे अधिक अचूक ठरते.

निळ्या परावर्तक पेशीवर पिवळ्या पेशींचा थर असला, की आपल्याला हिरवा रंग दिसतो. चकत्यांमधील अंतर वाढले, तरीही निळा रंग हिरव्याकडे झुकतो. एका लहान निळ्या समुद्री माशाच्या, डॅमसेलच्या, अभ्यासात हे स्पष्ट झाले आहे, की मज्जातंतूंच्या आज्ञेने हे अंतर कमी-अधिक होऊ शकते. काळ्या पेशींचे काम आणखी वेगळे आहे. त्यांतील रंगद्रव्याचे कण पेशीभर पसरले तर मासा गडद दिसतो आणि मध्यभागी गोळा झाले तर फिकट. हा बदल काही क्षणांत किंवा मिनिटांत घडतो. याउलट रंगपेशींची संख्याच वाढणे वा घटणे या बदलाला काही दिवस किंवा आठवडे लागतात. पाठातील पुढील सर्व चर्चा समजण्यासाठी जलद बदल आणि संथ बदल यांतील हा भेद ध्यानात ठेवावा.

जलद बदल

हवाई बेटांचा राज्यमासा हा ट्रिगर कुळातीलच आहे. त्याचे हवाई भाषेतील नाव 'हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ' असे लांबलचक आहे. डुकरासारखे नाकाड असलेला मासा, असा त्याचा आशय. 1985 साली त्याला हा मान पाच वर्षांपुरता मिळाला होता आणि 2006 साली तो कायम करण्यात आला. या माशाचे रंग निरोगी आणि निर्धास्त अवस्थेत सर्वांत ठळक दिसतात. झोपेत, किंवा दुसऱ्या माशापुढे माघार घेताना, तो पाहता पाहता फिका पडतो. संकट टळले की रंग परत येतात. माणसाचा चेहरा भीतीने पांढरा पडतो, तसेच हे आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. मात्र माणसाच्या चेहऱ्यावरील बदल रक्तप्रवाहामुळे होतो आणि माशाचा रंगपेशींमुळे. साम्य दिसण्यापुरतेच.

म्हणून नव्या टाकीत आलेला मासा पहिले काही दिवस फिकट दिसला, तर त्यात आश्चर्य नाही. पिशवीतील प्रवास, अनोळखी पाणी, काचेपलीकडे हालणारी माणसे आणि टाकीत आधीपासून राहणारा एखादा दांडगा शेजारी, या सर्वांचा ताण त्याच्यावर असतो. अशा वेळी टाकीचा दिवा मंद करणे, लपण्यासाठी खडकाची फट उपलब्ध करून देणे आणि पाण्याची तपासणी करणे, एवढेच करावे. औषधाची बाटली कपाटातच राहू द्यावी. काही दिवस उलटूनही मासा फिकटच राहिला, अन्न घेत नसला किंवा जोरजोराने श्वास घेत असला, तर मात्र केवळ रंगाकडे पाहत बसणे योग्य नव्हे.

दिव्याचा खेळ

रंगबदलाचे एक कारण तर माशात नसतेच. सूर्यप्रकाश समुद्रात शिरला की पाणी सर्वप्रथम तांबडा प्रकाश शोषून घेते. दहा-पंधरा मीटर खोलीवर लाल वस्तू काळपट दिसू लागते आणि निळा प्रकाश मात्र खूप खोलवर पोहोचतो. मत्स्यालयातील निळे दिवे याच परिस्थितीची नक्कल करतात. अशा दिव्याखाली ओडोनस अत्यंत देखणा, निळाजांभळा दिसतो. तोच मासा पांढऱ्या दिव्याखाली आणला की हिरवट वाटतो. दुकानात निळा दिवा आणि घरी पांढरा दिवा असेल, तर माशात काहीही बदल झालेला नसताना गिऱ्हाइकाला मात्र फसवणूक झाल्यासारखे वाटते. साडी घेताना सुज्ञ गिऱ्हाईक ती दुकानाबाहेर, उजेडात नेऊन पाहते. मासा असा बाहेर नेता येत नाही. पण क्षणभर पांढरा दिवा लावून दाखवण्याची विनंती विक्रेत्याला अवश्य करता येते.

संथ बदल

जे रंग हळूहळू ओसरतात, त्यांचे कारण बहुधा अन्नात असते. माशांना पिवळ्या, नारिंगी आणि तांबड्या छटा देणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये स्वतःच्या शरीरात मुळापासून तयार करता येत नाहीत. ती शेवाळात तयार होतात, शेवाळ खाणाऱ्या लहान कवचधारी जिवांत साठतात आणि त्यांच्यामार्फत माशाला मिळतात. कोळंबी कच्ची असताना करडी दिसते आणि शिजवली की नारिंगी होते, हे कोकणातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात पाहता येते. ते नारिंगी द्रव्य मुळातच कोळंबीत असते. कच्च्या कोळंबीत ते प्रथिनाशी बांधलेले असल्याने झाकलेले राहते आणि उष्णतेने प्रथिनाची रचना मोडली की प्रकट होते.

ट्रिगर कुळातील एका माशाच्या गडद हिरव्या अंगावर नारिंगी रंगाच्या तिरप्या रेषा असतात. मुंगो पार्क या स्कॉटिश माणसाने सुमात्रातून आणलेल्या माशांमधून त्याचे वर्णन 1797 साली प्रसिद्ध केले. आफ्रिकेतील नायजर नदीच्या शोधामुळे पुढे प्रसिद्धीस आलेला प्रवासी तो हाच. अशा माशाला महिनोन्‌महिने केवळ माकुळाचे पांढरे तुकडे खाऊ घातले, तर त्याच्या नारिंगी रेषा फिकट होण्याचा संभव असतो. सालासकट कोळंबी, शिंपल्यातील मांस आणि समुद्री शेवाळ असा मिश्र आहार दिल्यास या छटा टिकण्यास मदत होते. सालासकट कोळंबी देण्याचा आणखी एक लाभ आहे. या माशांचे दात सतत वाढत असल्यामुळे टणक खाद्य त्यांना आवश्यकच असते.

आता विचार करा. माशाची निळाई कायम आहे, पण पिवळे-नारिंगी भाग आठवड्यांमागून आठवडे उतरत चालले आहेत, तर संशय अन्नावर घ्यावा. सर्वच रंग घटकाभरात एकदम फिके पडले, तर भीती किंवा ताण यांचा विचार करावा. दिवा बदलताच रंग बदलला, तर मासा निर्दोष आहे! गृहस्थांनी औषध घालण्यापूर्वी एवढे तीन प्रश्न स्वतःला विचारले असते, तर बरे झाले असते.

वय आणि लिंग

काही बदल असे असतात, की ते थांबवण्याची इच्छाच धरू नये. 'क्लाऊन' ट्रिगर या नावाने विकला जाणारा मासा या कुळातील सर्वांत लोकप्रिय मानला जातो. त्याच्या पिल्लाच्या काळ्या अंगावर सर्वत्र पांढरे ठिपके विखुरलेले असतात आणि पाठीवर पिवळा डाग असतो. मासा वाढतो तसे वरच्या भागातील ठिपके नाहीसे होतात. पोटाकडील मोठे पांढरे ठिपके राहतात आणि पाठीवरील पिवळ्या भागात काळी नक्षी उमटते. ठिपके 'गेले' म्हणून हळहळणाऱ्या मालकाला मासा मोठा होत आहे, एवढेच सांगावे लागते. तो सुमारे अर्धा मीटर लांब होऊ शकतो आणि मोठेपणी शेजाऱ्यांना सळो की पळो करून सोडतो, हेही खरेदीपूर्वीच सांगितलेले बरे. या कुळातील बहुतेक मासे आजही समुद्रातूनच पकडून आणले जातात. त्यामुळे पिल्लाच्या ठिपक्यांवर भाळून केलेली खरेदी आणि पुढे मोठा मासा नकोसा होणे, यात समुद्रातील एक जीव वाया जातो.

क्लाऊन माशाच्या बाबतीत एक धोका विशेष आहे. समुद्री माशांना एका परजीवीमुळे होणाऱ्या रोगात अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे बिंदू दिसतात. आधीच ठिपकेदार असलेल्या पिल्लावर ते सहज ध्यानात येत नाहीत. येथे रोजचे निरीक्षण उपयोगी पडते. नक्षीतील ठिपके आपली जागा बदलत नाहीत आणि कातडीशी सपाट असतात. रोगाचे बिंदू किंचित उंचवट्यासारखे असतात, पारदर्शक परांवरही दिसतात आणि आज येथे तर काही दिवसांनी दुसरीकडे उमटतात. पहिल्या उदाहरणातील गृहस्थांनी रोग नसताना औषध घातले. येथे रोग असून तो नक्षी म्हणून सोडून दिला जाण्याची भीती आहे.

काही जातींत नर आणि मादी यांचे रंग वेगळे असतात. एका जातीच्या नराच्या गळ्यावर तेजस्वी निळा पट्टा असतो आणि परांना पिवळी किनार असते. मादीला यांतील काहीच नसते. नारिंगी रेषांच्या माशात मोठ्या नराच्या तोंडावरील रेषा पुसल्या जातात. पुस्तकात नराचे चित्र छापले असेल आणि टाकीत मादी असेल, तर वाचकाला आपलाच मासा 'चुकीचा' वाटू लागतो.

मासा काय पाहतो?

आतापर्यंत आपण माशाकडे पाहणाऱ्या माणसाचाच विचार केला. पण मासाही पाहत असतो. 'पिकासो' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ट्रिगर माशावर ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रयोग केले. विशिष्ट रंगाच्या चकतीला तोंडाने टोचले की खाऊ मिळेल, असे माशाला शिकवण्यात आले. मासे हे लवकर शिकतात. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातून असे दिसून आले, की या माशाची रंगदृष्टी माणसाप्रमाणेच तीन प्रकारच्या संवेदनांवर आधारलेली आहे, मात्र त्याचे तीन प्रकार आपल्यापेक्षा वेगळे आहेत. रेल्वे किंवा सैन्यभरतीच्या वेळी रंगीत ठिपक्यांच्या तक्त्यावरून उमेदवाराची रंगदृष्टी तपासली जाते, ते तुम्ही ऐकले असेल. जपानमधील इशिहारा यांनी 1917 साली प्रसिद्ध केलेल्या त्या तक्त्यांच्या धर्तीवर माशांसाठीही चाचणी तयार करण्यात आली आणि 2019 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अनेक ठिपक्यांतून वेगळ्या रंगाचा एकच ठिपका मासे शोधून काढत होते.

काचेपलीकडचा मासा आपले, आपल्या शर्टाचे आणि टाकीमागे लावलेल्या निळ्या कागदाचे रंग पाहू शकतो. त्या रंगांविषयी त्याला काय वाटते, हे मात्र तो आपल्याला स्वतःच्या कातडीवरूनच थोडेफार सांगतो.

शब्दार्थ
प्रतिप्रश्न – उलट विचारलेला प्रश्न. परावर्तित – आदळून परत फिरलेला. ताणा-बाणा – कापडातील उभे-आडवे सूत. माकूळ – एक मऊ अंगाचा समुद्री जीव. परजीवी – दुसऱ्या जिवावर जगणारा. नाकाड – लांब, पुढे आलेले नाक.

स्वाध्याय
1. 'रंगपेशी' आणि 'परावर्तक पेशी' यांतील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.
2. पैठणीच्या उदाहरणात लेखकाने साम्याबरोबर भेदही का सांगितला असावा?
3. तुमच्या घरात बोलले जाणारे दहा रंगवाचक शब्द लिहा. त्यांपैकी कोणते शब्द फळ, फूल, पक्षी किंवा वस्तू यांवरून आले आहेत, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा.
4. एखाद्या पाळीव प्राण्याचे किंवा कुंडीतील रोपाचे सात दिवस रोज एकाच वेळी निरीक्षण करा. डाव्या बाजूला केवळ जे दिसले ते लिहा. उजव्या बाजूला त्यावरून तुम्ही काय तर्क केला ते लिहा. आठव्या दिवशी उजवी बाजू पुन्हा वाचा आणि जो तर्क चुकीचा ठरला असेल, त्यावर एक रेघ ओढा. तो खोडून टाकू नका.